एलडीएल १७२: नारळ मोजत काढलेले सहा महिने

३ मे २०२५, शनिवार

विम्याच्या तपासणीत सापडलं, नाहीतर मी कशाला रक्त द्यायला जातोय! छातीत दुखत नाही, दम लागत नाही, साखर नाही, सिगरेट नाही. वय ४६, उंची पाच फूट सहा, वजन ८२. कागदावर आलेले आकडे: एकूण कोलेस्ट्रॉल २५८, ट्रायग्लिसराइड (रक्तातली आणखी एक चरबी) २४०, एचडीएल (चांगलं कोलेस्ट्रॉल) ३८, एलडीएल (वाईट कोलेस्ट्रॉल) १७२. रक्तदाब १३४/८६.

कुडाळच्या डॉक्टरांना दाखवलं. वडिलांना ६३ व्या वर्षी अ‍ॅटॅक आला होता हे सांगितल्यावर त्यांनी चष्मा काढून ठेवला. म्हणाले, एलडीएल १९० च्या वर असतं किंवा सोबत मधुमेह असता तर आजच गोळी लिहिली असती. तीन महिने देतो. खाणं बदला, चाला, वजन उतरवा. नाही उतरलं तर गोळी, आणि मग कुरकुर करायची नाही. वर टीएसएच म्हणून थायरॉईडची एक तपासणी लिहून दिली. ३५० रुपये. माझं थायरॉईड कशाला बिघडेल? उगाच खर्च, असं वाटलं. नॉर्मल आलं.

माझा वेंगुर्ल्याजवळ उभादांड्याला घरामागेच काजूचा छोटा कारखाना आहे. सकाळी आठ ते संध्याकाळी सहा खुर्चीवर, समोर तुकड्याची परात. हात आपोआप परातीत जातो.

नोंदी ठेवतोय त्याचं कारण असं की आमच्या वाडीत असा रिपोर्ट खिशात घेऊन फिरणारे किमान चार जण आहेत आणि चौघांकडे चार वेगळे सल्ले आहेत.

४ मे

आजपासून बंद: मासे, अंडी, काजू, तूप. कोलंबीचं तर नाव नाही.

बाजारातून पाच लिटरचा तेलाचा डबा आणला, त्यावर ठळक अक्षरात 'कोलेस्ट्रॉल फ्री' लिहिलंय. ८४० रुपये. एका नातेवाईकांनी अर्जुनसाल, लसूण वगैरे घातलेली पावडर गळ्यात मारली. १,१५० रुपये. रोज सकाळी कोमट पाण्यातून.

२१ मे

सतरा दिवस गेले. वजन ८२.६. म्हणजे वाढलं.

मुलीनं वही मागितली. ती अकरावीला आहे, तिला दुसऱ्याच्या चुका काढायला फार आवडतं. तिनं वाचली आणि विचारलं, "बाबा, ह्यात खारी कुठाय?"

खारी मी लिहितच नव्हतो. चहाबरोबरची खारी म्हणजे खाणं थोडंच! सकाळी दोन, अकराच्या चहाला एक, चारच्या चहाला दोन. शिवाय दिवसाला चार-पाच हापूस, आणि माश्याऐवजी रोज कसली ना कसली उसळ, नारळाच्या वाटपात पोहणारी. मासे बंद म्हणून आईला माझी दया आली होती आणि ती वाटप जरा सढळच घालत होती.

मुलीनं एक प्रयोग करून दाखवला. रिपोर्टच्या रिकाम्या पाकिटावर खारी ठेवली. दहा मिनिटांनी उचलली तर खाली आरपार दिसणारा डाग. पाकिटावरचं माझं नाव मागच्या बाजूनं वाचता येत होतं.

बेकरीवाल्याला जाऊन विचारलं. त्यानं काही लपवलं नाही. खारीला वनस्पती तूप, आणि पदर सुटायचे तर ते भरपूरच लागतं. टोस्ट, नानकटाई सगळ्याला तेच.

२६ मे

पाऊस यंदा महिनाभर आधीच आल्यासारखा आला. काल मान्सून देवगडला पोचल्याचं जाहीर झालं, आमच्याकडे त्याच्या आधीपासून धुमाकूळ आहे. खळ्यात वाळत घातलेली काजूची बी उचलता उचलता दोन पोती भिजली. चालायला जायचं ठरवलं होतं ते तिथेच राहिलं.

डॉक्टरांना फोन केला, काय काय बंद केलंय ते अभिमानानं सांगितलं. ते म्हणाले, "मासे कुणी बंद करायला सांगितले?"

त्यांचं म्हणणं थोडक्यात: रक्तातलं बरंचसं कोलेस्ट्रॉल आपलं यकृतच तयार करतं. ताटातल्या कोलेस्ट्रॉलपेक्षा ताटातली संपृक्त चरबी जास्त नडते, कारण तिच्यामुळे यकृत रक्तातलं एलडीएल नीट उचलत नाही. बांगडा, तारली चांगलेच, ट्रायग्लिसराइडला तर उपयोगी. फक्त तळू नका. मूठभर काजूही चालतील, खारवलेले नकोत. संपृक्त चरबी मात्र दिवसाला १५ ग्रॅमच्या आसपास ठेवा. आणि ती कशात असते? वनस्पती तुपात, पामतेलात, सायीत, मटणाच्या चरबीत. आणि नारळात.

तेलाच्या डब्याचं विचारलं तर हसले. कोलेस्ट्रॉल प्राण्यांच्या शरीरात तयार होतं. शेंगदाण्याच्या, सूर्यफुलाच्या, अगदी खोबरेल तेलाच्या डब्यावरही 'कोलेस्ट्रॉल फ्री' लिहिलं तरी ते खोटं ठरणार नाही. ह्या दोन शब्दांसाठी मी लिटरमागे २० रुपये जास्त मोजले.

म्हणजे बावीस दिवस मी जे खायला हरकत नव्हती ते बंद ठेवलं आणि जे नडत होतं ते वाढवलं. मासे परत सुरू करायचं ठरलं आज, आणि १ जूनपासून मासेमारी बंदी. दोन महिने.

१ जून

ह्या आठवड्यात नारळ मोजले. बाजारात विकत घेणाऱ्याला हिशेब ठाऊक असतो. आमचे परसात पडतात, सोलून कोपऱ्यात ढीग असतो, लागेल तसा फोडायचा. महिन्याला किती, असं विचारलं तर घरात तिघांनी तीन आकडे सांगितले.

मोजायची सोपी रीत: करवंट्या न्हाणीच्या चुलीत जायच्या आधी एका गोणत्यात टाकायच्या आणि रविवारी मोजायच्या. १८ करवंट्या म्हणजे ९ नारळ, पाच माणसांत, एका आठवड्यात. पाहुणा नाही, सण नाही.

कारखान्यातल्या काट्यावर तीन नारळांचं खोबरं खवून तोललं. सरासरी ३१० ग्रॅम. ओल्या खोबऱ्यात शंभराला साधारण ३३ ग्रॅम चरबी, त्यातली ३० च्या घरात संपृक्त. नऊ नारळांचा हिशेब केला तर माणशी दिवसाला जवळजवळ २४ ग्रॅम, एकट्या नारळातून. खारी, दुधाची साय, तळणीचं तेल अजून धरलेलंच नाही. आणि सरासरी पाच जणांत काढली असली तरी सोलकढीचे दोन पेले मीच पितो.

मी म्हटलं, दूध काढून चोथा टाकतो त्याचं काय? त्याचंही उत्तर मिळालं. चरबी बरीचशी दुधात उतरते, चोथ्यात राहतो तो मुख्यतः धागा. म्हणजे कामाचं ते आम्ही कोंबड्यांना घालत होतो.

आईला हा हिशेब सांगितला. ती भात निवडत होती, मान वर न करता म्हणाली, "नारळ काय इख झालो? तुझो आजो जल्मभर नारळ खावन नव्वदीक गेलो."

खरं आहे. आजोबा नव्वदीत गेले. पण ते माडावर चढायचे, मी माडाखाली गाडी लावतो.

८ जून

पहिला प्रयत्न: वाटप निम्मं केलं, बाकी काही बदललं नाही. आमटी पाण्यासारखी झाली. आईनं डाव वर उचलून ओतून दाखवला. मुलांनी लोणच्याशी भात खाल्ला. वाया.

दुसरा प्रयत्न माझ्या डोक्यातून आलेला. घरात काजूचा तुकडा पोत्यानं आहे, तर खोबऱ्याऐवजी तोच वाटून घालू. रस्सा हॉटेलातल्या पनीरसारखा घट्ट आणि गोडूस झाला. काळ्या वाटाण्याच्या उसळीला काजूची ग्रेव्ही! बायको काहीच बोलली नाही, तेच जास्त लागलं. शिवाय तुकड्याचा आजचा भाव बघता एका वेळच्या उसळीत १२० रुपये गेले.

तिसरा प्रयत्न तिचा, आणि तोच टिकला. उसळ असेल तर शिजलेले वाटाणेच डावभर काढून वाटायचे आणि परत त्यात घालायचे. दाटपणा तिथून येतो. कांदा नेहमीपेक्षा दुप्पट, चांगला काळपट होईपर्यंत भाजायचा, चव तिथून येते. खोबरं मूठभर, वासापुरतं. माशाच्या आमटीला खोबऱ्याबरोबर चमचाभर भिजवलेले तांदूळ वाटायचे. तिरफळ आणि कोकम कमी करायचं नाही, उलट एखाद-दुसरं जास्तच, म्हणजे जीभ फसते.

सुक्या खोबऱ्याबद्दल एक सूचना. 'सुकं थोडंच लागतं' म्हणून आम्ही आठवडाभर तेच वापरलं. पाणी उडून गेलेलं असतं, वजनाला चरबी जवळपास दुप्पट. काही वाचलं नाही.

सोलकढी फक्त रविवारी. बाकीचे दिवस तिवळ: कोकम, मिरची, कोथिंबीर, मीठ, पाणी. ह्यात मला काही त्रास झाला नाही, मला ती आवडतेच. धाकट्यानं निषेध नोंदवला.

१५ जून

नारळ ५.

चालणं सुरू. बाहेर पाऊस मुसळधार, म्हणून कारखान्याच्या शेडमध्ये. शेड लांबीला २२ मीटर. सोलणीच्या टेबलांपासून बॉयलरपर्यंत जायचं आणि परत यायचं, ५० फेऱ्या म्हणजे २.२ किलोमीटर. पहिल्या दिवशी ३० व्या फेरीला सोलणीला बसलेल्या बायकांपैकी एक म्हणाली, "शेठ, काय सांडला तुमचा? मगासपासून शोधतास."

आता त्या मोजतात. मी ४६ वर थांबलो तर चार राहिल्या म्हणून ओरडतात. डॉक्टरांनी आठवड्याला किमान १५० मिनिटं सांगितलीत. घाम यायला हवा, पण बोलता यायला हवं, गाता येता कामा नये. शेडमधल्या दमटपणात घामाची अडचण नाही.

२२ जून

इसबगोल. इथे मी पुरता फसलो, म्हणून सविस्तर लिहितो.

विरघळणारा धागा पोटात गेला की पित्ताबरोबर कोलेस्ट्रॉल बाहेर निघतं, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. रोज सात ते दहा ग्रॅमपर्यंत इसबगोल घ्या म्हणाले. 'हळूहळू वाढवा' असंही म्हणाले होते, ते मी ऐकलं नाही. पहिल्याच रात्री दोन मोठे चमचे अर्ध्या पेल्यात ढवळले. ढवळेपर्यंत त्याची खळ झाली. तशीच गिळली. पुढचे दोन दिवस पोट ढोलासारखं आणि सकाळचं काम बंद.

आता पद्धत अशी: पहिला आठवडा एक छोटा चमचा, दर आठवड्याला एक वाढवायचा. मोठा पेला भरून पाणी, टाकताक्षणी ढवळून लगेच पिऊन टाकायचं, वर आणखी एक पेला. दुसरी कुठली गोळी चालू असेल तर तिच्यात आणि इसबगोलात दोन तासांचं अंतर, नाहीतर गोळीही त्यात अडकून बाहेर जाते.

जवसाचंही तसंच. मी आठ दिवस अख्खे जवस चघळत होतो. अख्खे गेले, अख्खे आले. भाजून, कुटून, लसूण घालून चटणी केल्यावर उपयोग. ओट्सची मसाल्याची पाकिटं आणली होती ती मीठ बघून ठेवून दिली. साधे ओट्स सकाळी ताकातून खातो. चव? असो.

सगळ्यात चांगलं जमलं ते आमचंच: कुळथाची पिठी. खोबरं घालायची गरज नाही, लसणीची फोडणी आणि कोकम. आठवड्यातून चार रात्री पिठी आणि भाकरी. भाकरीच्या तांदळाच्या पिठात तिसरा हिस्सा जवाचं पीठ. त्याहून जास्त घातलं तर थापताना कडा फाटतात.

६ जुलै

वजन ८०.१. रक्तदाब मात्र १४२/९०. डॉक्टरांनी विचारलं, सुकी मासळी खाता काय? बंदीच्या दिवसांत आम्ही दुसरं काय खाणार! सुका बांगडा, जवळा, बोंबील रोज. चरबीचा प्रश्न नाही, पण मिठाचा आहे. आता गरम पाण्यात दोनदा धुऊन, आठवड्यातून एकदाच. चढणीचे, म्हणजे पावसात ओढ्यातून वर चढणारे मासे मिळाले दोन वेळा, ते केळीच्या पानात गुंडाळून तव्यावर. तेल अर्धा चमचा लागलं.

काजू परत सुरू, पण परात समोरून हलवली. सकाळी वाटीत मोजून २५ ग्रॅम काढून घेतो. आठवडाभर हात रिकाम्या टेबलावर जाऊन येत होता.

२६ जुलै

तीन महिने झाले, रक्त दिलं. एकूण २३२, ट्रायग्लिसराइड ३१०, एचडीएल ३८, एलडीएल १३२.

एलडीएल १७२ वरून १३२! लॅबच्या पायरीवरूनच बायकोला फोन केला. येताना सुरमई घेऊन आलो. कुठून मिळाली विचारू नका. आनंदाच्या नादात घेतलेली ती बर्फातली निघाली, तो वेगळा विषय.

२८ जुलै

आनंद दोन दिवस टिकला. डॉक्टरांनी रिपोर्ट बघून पहिला प्रश्न विचारला, "गुरुवारी काय होतं?"

गुरुवारी २४ तारखेला अमावास्या होती. श्रावण लागायच्या आधीची. मित्रांबरोबर बसलो होतो, कोंबडी होती, आणि ग्लास मी मोजले नव्हते. रक्त दिलं शनिवारी सकाळी, बारा तास उपाशी राहून, म्हणजे मी नियम पाळला असं मला वाटत होतं. दारूनं आणि त्या जेवणानं ट्रायग्लिसराइड वर गेलं, उपाशी राहून ते दीड दिवसात खाली येत नाही.

पण खरी गंमत पुढे आहे. आमच्या लॅबमध्ये एलडीएल मोजत नाहीत, गणितानं काढतात. एकूणातून एचडीएल वजा, ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग वजा, उरलं ते एलडीएल. माझं: २३२ वजा ३८ वजा ६२, बरोबर १३२. ट्रायग्लिसराइड जितकं वर, तितकं हे उत्तर खोटं-कमी येतं. ४०० च्या वर गेलं तर हे सूत्र वापरतच नाहीत. म्हणजे माझ्या पार्टीनंच मला एलडीएल कमी दाखवलं होतं.

डॉक्टर म्हणाले, असा घोळ असेल तेव्हा एकूणातून फक्त एचडीएल वजा करून बघा. मे महिन्यात २२० होतं, आता १९४. उतरलंय, पण सुरमई आणण्याएवढं नाही. दोन आठवडे एक थेंबही नको, मग परत तपासा. ५०० रुपये गेले.

११ ऑगस्ट

परत तपासणी. शुक्रवारी नारळी पौर्णिमा होती, नारळीभात दोन घास खाल्ला, तेवढंच. एकूण २१९, ट्रायग्लिसराइड १७५, एचडीएल ३९, एलडीएल १४५. एकूण वजा एचडीएल १८०. वजन ७८.८.

हा आकडा खरा. १७२ वरून १४५. गोळी आणखी तीन महिने लांबली. अट एकच: दारू महिन्यातून एकदा, दोन पेग, तपासणीच्या आदल्या आठवड्यात नाही.

१ सप्टेंबर

गणपती. २७ ऑगस्टला आले, काल पाचव्या दिवशी गेले. मुंबईहून भाऊ आणि चुलतभाऊ सहकुटुंब, घरात सतरा माणसं. नारळ ४१. मी मोदक मोजले, पण किती ते इथे लिहीत नाही. वजन ८०.२.

चतुर्थीला ओट्स खाणाऱ्या माणसाबद्दल माझं मत चांगलं नाही. पाच दिवस सोडून दिले आणि सहाव्या दिवशी सकाळी पिठी-भाकरीवर परत आलो. चूक झाली ती वेगळीच. भावानं मुंबईहून आणलेली फरसाणाची आणि बिस्किटांची पाकिटं विसर्जनानंतर घरातच राहिली. ती संपवायला आठ दिवस लागतील आणि संपवणारा मीच असेन हे ओळखून आज सगळी कारखान्यातल्या बायकांत वाटून टाकली.

२१ सप्टेंबर

पाऊस उघडला, सागरेश्वरच्या किनाऱ्यावर चालायला लागलो. उत्साहात पहिल्याच दिवशी अनवाणी, सुक्या भुसभुशीत वाळूतून पाच किलोमीटर. चौथ्या दिवशी सकाळी अंथरुणातून उठताना उजव्या टाचेत खिळा रुतल्यासारखं झालं. दहा दिवस घरी. औषध, बर्फ, आणि १,८०० रुपयांचे बूट.

आता ओहोटीच्या वेळी, ओल्या घट्ट वाळूवर, बूट घालून. किनारा समुद्राकडे उतरता असतो, एकाच दिशेनं चाललं तर एका गुडघ्यावर भार येतो, म्हणून जेवढं जायचं तेवढंच त्याच वाटेनं परत यायचं. भरती असेल त्या दिवशी रस्ता.

५ ऑक्टोबर

एक गोष्ट लिहायला जड जाते. वाडीतले एक गृहस्थ, दोन वर्षांपूर्वी हृदयाची अँजिओप्लास्टी झालेले, मला रोज चालताना बघतात. परवा भेटले तर म्हणाले, तुझं बघून मीपण गोळी सोडली, पिठी आणि इसबगोलावर आलो. दीड महिना झाला.

माझ्या पोटात गोळा आला. मी गोळी सोडलेली नाही, मला कधी दिलेलीच नव्हती. ज्याच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसवलाय त्याची गोष्ट वेगळी. त्याला गोळी हवीच, खाणं तिच्या जोडीला. त्याच दुपारी त्यांना गाडीवर बसवून त्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. गोळी परत सुरू झाली. बोलणी दोघांनीही खाल्ली.

८ नोव्हेंबर

दिवाळी मधे येऊन गेली. चकल्या झाल्या, करंज्या झाल्या, पण वनस्पती तूप घरात आलं नाही. आईनंच दुकानदाराला परत केलं. नारळ गेले तीन आठवडे ४, ३, ३.

आजचा रिपोर्ट: एकूण १९८, ट्रायग्लिसराइड १३८, एचडीएल ४२, एलडीएल १२८. वजन ७६.४, रक्तदाब १२६/८०. आदल्या आठवड्यात ना अमावास्या ना पार्टी.

डॉक्टरांनी ह्या वेळी चष्मा काढला नाही. वडिलांचा इतिहास बघता आणखी खाली हवं, पण सहा महिने असंच चालवा, मग बघू, म्हणाले. खर्च विचाराल तर तपासण्या आणि फी मिळून २,९०० च्या आसपास, बूट १,८००, इसबगोल महिन्याला साडेतीनशे-चारशे. वाया गेलेलं: पावडर १,१५०, मसाला ओट्स २४०, अमावास्येची तपासणी ५०० आणि मे महिन्यातले बावीस दिवस.

माझं आटोपलं तसं बायको म्हणाली, "अहो, आलोच आहोत तर माझंही करून टाका."

१० नोव्हेंबर

तिचं एलडीएल १८४.

वजन ५३. सहा महिने माझ्याच भांड्यातलं खाल्लंय, किंबहुना तिनंच शिजवलंय. खारी ती कधीच खात नव्हती. मी इतके दिवस मनात धरून चाललो होतो की हे जाड माणसाचं दुखणं, त्यामुळे तिची तपासणी करायचं सुचलंसुद्धा नाही. उन्हाळ्यापासून ती म्हणत होती की थकवा येतो, केस जातात, मे महिन्यातही थंडी वाजते. आम्ही म्हटलं, पाऊस लवकर आला म्हणून.

डॉक्टरांनी काही न विचारता टीएसएच लिहून दिलं.

१४ नोव्हेंबर

टीएसएच १८.६. थायरॉईड मंद पडलंय, आणि ते मंद असलं की एलडीएल चढतं, ताटात काहीही असो. आधी त्याची गोळी, दीड-दोन महिन्यांनी परत टीएसएच, ते जागेवर आल्यावर कोलेस्ट्रॉल. तोवर तिच्या खाण्यात आणखी काही कापायचं नाही, असं मला बजावून सांगितलंय. माझ्याकडे बघून.

१६ नोव्हेंबर, रविवार

गोळी सकाळी उठल्याउठल्या, उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर, मग अर्धा-पाऊण तास चहा नाही. चहाशिवाय तो अर्धा तास ती मागच्या पडवीत बसून काढते, मी जवळ फिरकत नाही. इसबगोल तिनं माझ्याबरोबर सकाळीच सुरू केलं होतं. आता दोघांचंही रात्री हलवलंय, जेवणाआधी, म्हणजे गोळीत आणि त्यात दिवस जातो.

आज सोलकढीचा वार. आईनं करवंट्या मोजल्या: सहा.